हुलसूरची समुद्रसपाटी

पाणी किती खोल आहे हे पाण्याला माहीत नसते. ते प्रमाणपत्राला माहीत असते. याच तत्त्वावर यंदा मे महिन्यात आमच्या हुलसुरात ‘मिश्रवायू तांत्रिक पाणबुड्या प्रशिक्षण, स्तर तीन’ हा अभ्यासक्रम पार पडला. (स्तर एक आणि दोन जिल्ह्यात उपलब्ध नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांची दोन स्तरांची मेहनत वाचली.) मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून मला परीक्षक नेमले.

अभ्यासक्रमाची गरज अशी. खालच्या गल्लीच्या नळांना पाणी देणारी मोटार दोर तुटून विहिरीच्या तळाशी गेली. अशा मोटारी आजवर रुद्रम्मा काढत आली. वय बावन्न, शिक्षण सातवी, साधने: एक दोर आणि खोचलेला पदर. तिने आतापर्यंत एकेचाळीस मोटारी, नऊ घागरी आणि एक चष्मा वर आणला आहे. (चष्म्याच्या मालकाने तो ओळखला नाही; त्याला तेव्हा दिसत नव्हते.) पण तीन मीटरपेक्षा खोल पाण्यात विनाप्रमाणपत्र कोणीही उतरू नये, असा नवा सुरक्षा नियम आला. नियम अत्यंत योग्य आहे. रुद्रम्मा एकेचाळीस वेळा बुडाली नाही, याला कागदोपत्री काहीच आधार नव्हता.

तोपर्यंत गल्लीतली एकशे दहा घरे टँकरमागे धावत होती. (सरासरी वेग, घागरीसह, ताशी सात किलोमीटर. घागरीशिवायचा वेग मोजण्याची संधी मिळाली नाही.)

प्रशिक्षक शिवप्रसाद बीदरहून आले. ते ‘प्रशिक्षकांचे प्रशिक्षक’ आहेत. ही पदवी त्यांनी कलबुर्गीत एका लॉजच्या हॉलमध्ये तीन दिवसांत मिळवली. पोहण्याचा भाग त्यांना माफ होता, कारण ते आधीपासून शिवणकामाचे प्रमाणित प्रशिक्षक होते. माणूस सज्जन. विहिरीच्या कठड्यापासून ते कायम चार फूट लांब उभे राहत, त्यामुळे अपघातांचे प्रमाण शून्य राहिले.

विद्यार्थी बारा. एक रुद्रम्मा. बाकीच्या अकरा जणांना नोकरीच्या अर्जाला जोडायला काहीतरी हवे होते. पुस्तिका इंग्रजीत, परीक्षा कन्नडमध्ये, शिकवणे हिंदीत आणि शंका मराठीत, अशी चोख व्यवस्था होती.

पहिले प्रकरण वायूंचे. खोल पाण्यात साधी हवा माणसाला गुंगी आणते, म्हणून ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण श्वासात घेतात. ऑक्सिजन वेल्डिंगच्या दुकानातून आला. नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून आला. तिथे वळूचे वीर्य गार ठेवायला तो असतोच. हेलियम फुगेवाल्याकडून घेतला, पण तो उद्घाटनाच्या फुग्यांतच संपला. मिश्रणात त्याचा वाटा ‘अपेक्षित’ असा दाखवला. तिन्ही टाक्या एकाच टेबलावर, एकाच चादरीवर मांडल्या आणि मिश्रण झाले असे समजण्यात आले. रुद्रम्माने टाक्यांना हळदकुंकू वाहिले व श्वास नेहमीच्या ठिकाणाहून घेतला.

दुसरे प्रकरण खोलीचे. स्तर तीनसाठी साठ मीटरची बुडी आवश्यक आहे. आमच्या विहिरीत पाणी पंधरा मीटर. शिवप्रसादांनी क्षणभर विचार केला आणि चार बुड्या लावल्या.

रुद्रम्माने विचारलं, “सर, एकाच हिरीत चार डाव गेलं की हीर खोल व्हती का?”

“कागदावर होते, अक्का.”

“मग मोटार बी कागदावर काढा की.”

शिवप्रसादांनी ही सूचना पुढील वर्षासाठी नोंदवून घेतली.

पहिल्या बुडीतून ती वर आली तेव्हा म्हणाली, “मोटार तिथंच हाय. हात लावून आले.” दुसऱ्या बुडीनंतर: “अजून तिथंच हाय.” तिसरीनंतर तिने नुसता पदर पिळला. मोटार बांधून आणण्याची परवानगी तिला नव्हती. मोटार काढायला प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्राला चार बुड्या लागतात. कठड्यावर तिची जाऊ भागम्मा रिकाम्या घागरीवर बसली होती. ती म्हणाली, “अक्का, तुमी काय तिला भेटायला जायलाव का? पुढच्या डावाला भाकरी घिऊन जावा.”

चौथी बुडी झाली. साठ मीटर पूर्ण. मी सही करणार, इतक्यात मला पुस्तिकेच्या तिसऱ्या, उंचीच्या प्रकरणातला चौदावा नियम दिसला. तो खरोखर शास्त्रीय आहे: बुडीनंतर चोवीस तास विद्यार्थ्याने समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरपेक्षा उंच जागी जाऊ नये.

हुलसूर पाचशे मीटरच्या वर आहे. विहिरीचा तळही आहे. म्हणजे रुद्रम्मा पाण्याखाली असतानाच नियमापेक्षा वर होती. तिला विहिरीतून बाहेर येण्याची परवानगी देता येईना, आणि आत राहण्याचीही. ती पायरीवर, पाय पाण्यात सोडून बसली.

विहिरीपाशीच सभा भरली. बीदरला फोन केला, पण बीदर हुलसूरपेक्षाही उंच, तिथला सल्ला नियमात बसेना. कलबुर्गी खालच्या अंगाला, पण पुरेशी नाही. अडीच तासांनी ठराव झाला: अभ्यासक्रमापुरती या विहिरीच्या पाण्याची पातळी हीच समुद्रसपाटी मानावी. त्या दुपारी हुलसूर समुद्रसपाटीपासून नऊ मीटरवर आले. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात विहिरीतून रुद्रम्माचा आवाज आला, “भागम्मा, वढा गं!”

आमची समुद्रसपाटी ठरेपर्यंत तिला पायरीवर बसून कंटाळा आला होता. ती पाचव्यांदा खाली गेली आणि दोर बांधून आली. गल्लीतल्या चौदा बायकांनी मोटार ओढून काढली. संध्याकाळी ती जोडली, आणि चाळीस मिनिटे नळांना पाणी आले. (समुद्रसपाटी आठ सेंटिमीटरने खाली गेली, हुलसूर तितकेच उंचावले.)

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. अकरा जण उत्तीर्ण. ते पाण्यात उतरलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. ते प्रमाणपत्रे घेऊन त्याच दिवशी हैदराबादच्या बसने मुलाखतींना गेले. रुद्रम्मा अनुत्तीर्ण. कारण: विश्रांतीच्या काळात अभ्यासक्रमाबाहेरची बुडी. शेऱ्याखाली माझी सही आहे. शेरा अचूक आहे.

सोबत आदेश आला की, मोटार अप्रमाणित व्यक्तीने वर आणली असल्याने ती पूर्वस्थितीत ठेवावी व प्रमाणपत्रधारकाकडून रीतसर काढून घ्यावी. सोडायला प्रमाणपत्र लागत नाही.

“कामून टाकायलाव परत?” भागम्मा ओरडली. “चालू मोटार हाय ती!”

शिवप्रसादांचा चेहरा उतरला. म्हणाले, “माझं काही नाही अक्का, वरून आलंय.”

“वरून आलंय म्हणं,” रुद्रम्मा पदर खोचत म्हणाली. “सरका सर. मीच सोडते. तिची जागा मला ठावं हाय.”

नळ पुन्हा बंद आहेत.

तरी एक समाधानाची बाब आहे. पुस्तिकेत दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी सोय आहे: वायू, खोली आणि उंची ही तीन प्रकरणे जो शेवटपर्यंत वाचेल आणि या काळात पाण्यात उतरून चूक करणार नाही, तो उत्तीर्ण. ती तिन्ही तुमची आताच वाचून झाली. तुम्ही कोरडे आहात. तुमच्या प्रमाणपत्रावर मी सही केली आहे, आणि ते अकरा जण गेल्यापासून आमच्याकडे तुमच्याशिवाय कोणीही प्रमाणित नाही. मोटार पंधरा मीटरवर, उत्तरेच्या भिंतीला टेकून आहे. एकशे दहा घरे वाट पाहत आहेत. दोर रुद्रम्मा धरेल.

ती एवढंच विचारते, “येणाऱ्याला पोहता येतंय न्हवं?”

मी तिला सांगितले की, प्रमाणपत्रावर तो रकाना नाही.