सुखदेवजींचा निकाल

सुखदेवजींनी एका वर्षी उत्कृष्ट अभिनयाचं पहिलं बक्षीस एका दाराला दिलं होतं.

दार कुठल्याशा भुताच्या सिनेमातलं. हिरो रुबाबदार, हिरोईन देखणी, सगळं खरं. पण सुखदेवजींचं म्हणणं एकच. "गुर्जी, त्या दारावानी जीव तोडून कोनी काम केलं काय? काय करकरलं ते! सांगा ना. नाई ना? मंग नोंद घ्या." त्यांनी "नोंद घ्या" म्हटलं की चर्चा संपली. ते लाखांदूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाडी आली, नोंद झाली, गाडी गेली. त्यावर अपील नसे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी लाखांदूरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि नव्या बायकोसह त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी भंडाऱ्यात वाढलेला. भंडाऱ्याला पक्की टॉकीज, लाखांदूरला तंबू, त्यामुळे सिनेमातलं जे काही कळतं ते आपल्यालाच, असा माझा समज होता. धानाची कापणी उरकली की टुरिंग टॉकीज येई आणि रिळांच्या पेट्या येत एसटीच्या टपावरून. कोणता सिनेमा लागणार हे गावात सगळ्यांत आधी सुखदेवजींना कळे. पेटी खाली उतरली की ते ती जराशी उचलून बघत आणि म्हणत, "जड हाय. पिक्चर चांगला दिसते."

मुंबईत सिनेमाची बक्षिसं वाटतात त्याच्या आदल्या रविवारी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, सुखदेवजींच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, त्यांचा स्वतःचा निकाल लागे. आधी का, तर "मागून लावला तं लोक म्हनतीन, नक्कल मारली." छपरीत सतरंजी, मधे स्टूल, स्टुलावर रजिस्टर. आळीतली वीस-पंचवीस माणसं, ड्यूटी संपलेले दोन-तीन ड्रायव्हर-कंडक्टर, आणि दाराच्या आत उंबरठ्याशी बसलेल्या त्यांच्या पत्नी, पार्बताकाकी. काकींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड-अंधार तेवढा कळे. तरी लाखोळीच्या डाळीचे वडे त्या हाताच्या अंदाजाने असे तळत, की निम्मे लोक निकालाला नव्हे, वड्यांना येत. मी त्या निम्म्यांतला.

निकाल वाचला जाई तो बसस्टँडच्या आवाजात. "उत्कृष्ट खोकला! यंदाचा उत्कृष्ट खोकला, हिरोईनचा बाप, मध्यंतराच्या आधी!" मग उत्कृष्ट घोडा, उत्कृष्ट पाऊस, उत्कृष्ट थप्पड. एका वर्षी फोन आदळण्याला उत्तेजनार्थ. रूप, साड्या, नाच, काश्मीर यांच्यासाठी त्यांच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. कंडक्टर मंडळी ओरडत, "काकाजी, हिरोईन राह्यली ना!" सुखदेवजी चष्म्यावरून बघत आणि थंडपणे म्हणत, "दिसाले बरी हाय. पुढं?"

एकदा तंबूतल्या ऑपरेटरने घाईघाईत रिळं उलटसुलट लावली. खलनायक मध्यंतराच्या आधीच तुरुंगात गेला आणि मध्यंतरानंतर त्याने दरोडा घातला. तंबूत नुसती बोंबाबोंब झाली. सुखदेवजींनी त्या वर्षीचं उत्कृष्ट कथेचं बक्षीस त्याच सिनेमाला दिलं. मी तो भंडाऱ्याला सरळ पाहिला होता. मास्तरकी अंगात होतीच. भर छपरीत उभा राहून मी खुलासा केला, की रिळं चुकली होती. सुखदेवजींनी रजिस्टर मिटलं.

"म्हनजे पहिले गुन्हा आन् मंग शिक्षा?"

"हो."

"ते तं सगळ्याच पिक्चरात रायते, गुर्जी. त्याले कायले बक्षीस द्याचं?"

सगळी छपरी मला हसली. मी खाली बसलो आणि वडा खाल्ला.

सुखदेवजी सिनेमा पाहून आले, की दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून चमत्कारिक आवाज सुरू होत. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस. पत्र्याची पेटी बडवली की गडगडाट. मधे खोकले, घोडे, एखादी थप्पड. "काकाजी तालीम करून राहिले," माझी बायको म्हणे. आम्हाला वाटे, यांना मंडईच्या जत्रेतल्या नाटकात उभं राहायची हौस असेल आणि कोणी घेत नसेल. मी शाळेत मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करून हशा मिळवत असे. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

काकींचा मोतीबिंदू आधी पिकेना, म्हणून डॉक्टर थांबा म्हणत. पिकला तेव्हा काकी घाबरून थांबल्या. शेवटी माझ्या बायकोने पिच्छा पुरवला आणि एका हिवाळ्यात नेत्रशिबिरात ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी गेली, काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून काकी पहिल्यांदा अंगणात आल्या आणि माझ्या बायकोकडे बघतच राहिल्या. "तू एवढीशीच हायेस काय वो? आवाजावरून तं मले चांगली धिप्पाड वाटत होतीस!"

आळीभर आनंदीआनंद झाला. सुखदेवजींनी पेढे वाटले, पण स्वतः एकही खाल्ला नाही. त्या वर्षी निकालाचा रविवार आला आणि तसाच गेला. छपरीत सतरंजी पडली नाही.

न राहवून मी बसस्टँडवर त्यांना गाठलं. भंडारा गाडी नुकतीच सुटली होती, स्टँड रिकामा होता.

"काकाजी, यंदा निकाल काहून नाही लावला?"

"निकाल माह्या नोहताच, गुर्जी," ते म्हणाले. "तिचा होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते तंबूत सिनेमा बघत, दुसऱ्या दिवशी घरी तो अख्खा काकींना ऐकवत. आवाजांसकट. ऐकून काकी सांगत, हा खोकला चांगला, ते दार चांगलं, अन् ते रजिस्टरात उतरवून घेत. दार, घोडा, पाऊस, थप्पड; सगळं कानांनी बघता येण्यासारखं होतं. सहा वर्षं मी त्या बाईच्या हातचे वडे खाल्ले आणि एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग आता तर बरंच झालं की. काकींना दिसतंय."

"तेच तं लफडं हाय." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "मी तिले खोटे पिक्चर सांगतले, गुर्जी."

डोळे गेले त्या पहिल्या वर्षी काकी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवत नसत, बोलत नसत. काही सुचेना, म्हणून सुखदेवजींनी आदल्या दिवशी पाहिलेला सिनेमा सांगायला घेतला. काकी कुशीवर वळल्या. मग उठून बसल्या. आणि शेवट जवळ आला. त्या शेवटात हिरोची आई मरत होती.

"माह्यानं मारवलंच नाई तिले. मी जगवलं. मंग पुढच्या पिक्चरात भाऊ मरत होता, त्यालेबी जगवलं. आठ वर्षं झाले, माह्या पिक्चरात कोनी मेलाच नाई." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आता तोच पहिला पिक्चर भंडाऱ्याले परत लागला. तुमची काकी म्हनते, माह्या पहिल्या नंबराचा पिक्चर हाय, मले दाखवा. रविवारी बाराच्या खेळाले जाऊन राहिलो. आठ वर्षं तिनं जग पाह्यलं ते माह्या भरवशावर, गुर्जी. आता तिले वाटलं, का हा मानूस रोज आपल्यासंगं खोटं बोलला, तं मी काय करू?"

"आम्हीही येतो," मी म्हणालो.

रविवारी आम्ही चौघं निघालो. काकी खिडकीशी बसल्या आणि रस्त्यात लागलेला प्रत्येक तलाव, प्रत्येक बैलबंडी चष्मा सावरून बघत राहिल्या. टॉकीजमध्ये माझी बायको, काकी, सुखदेवजी आणि मी असे रांगेत बसलो. पडद्यावर पहिला सीन आला आणि इतक्या वर्षांची सवय उसळली.

"आता घोडा येते..."

"दिसून राहिला ना," काकी म्हणाल्या.

"आता पानी येते..."

"दिसून राहिलं नं बाप्पा!"

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काकाजी, तोंड बंद ठेवा जी! आम्हीबी तिकीट काढून आलो!" सुखदेवजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मध्यंतरानंतर त्यांची अवस्था बघवेना. मांडीवरच्या टोपीचा पार बोळा झाला होता. पडद्यावर आई खाटेवर पडली होती. लांबून मुलगा धावत निघाला होता, देवळातल्या घंटा वाजू लागल्या होत्या. हा सिनेमा मी पूर्वी दोनदा पाहिला होता; पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. मी वाकून काकींकडे पाहिलं.

काकींनी चष्मा काढला. तो पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला. डोळे मिटले आणि नवऱ्याकडे किंचित कलल्या.

"हं. सांगा आता."

सुखदेवजी काकींकडे वळले. "तुले... मालूम होतं?"

"आठ वर्षांत एक मानूस मेला नाई. एवढं मलेबी समजते. सांगा ना लवकर, तो पोरगा पोहचला असन."

सुखदेवजींचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. एकदा नाक ओढून त्यांनी सुरुवात केली, आधी कुजबुजत, मग आवाज चढत गेला. "पोरगा येते. दारातून हाक मारते. आई डोळे उघडते..." पडद्यावर तिच्या तोंडावर पांढरी चादर ओढली जात होती, सगळी टॉकीज हुंदके देत होती. मागचा माणूस आता काही म्हणाला नाही.

"आई उठून बसते," सुखदेवजी सांगत होते. "पोराच्या तोंडावरून हात फिरवते."

"मंग?" काकींनी डोळे न उघडता विचारलं.

"मंग काय? भात मागते," सुखदेवजी म्हणाले. "तीन दिवसांची उपाशी हाय ना ते."