बाकाची उंची आणि माझे गद्य

एखादे वाक्य माझ्या हातून गेले की त्यात पुन्हा कोणाला काना-मात्रेचा फरक करावा लागत नाही. हे मी नम्रपणे सांगतो. कारण नम्रता सोडून सांगितले तर लोक तत्काळ मान्य करतात आणि वादाची संधी हुकते. आयुष्यभर मी एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधन केले. त्यामुळे भाचीने अहवालात मदत मागितली तेव्हा मी तिला एवढेच म्हणालो, "आता तू निश्चिंत राहा." त्या दिवसापासून ती पंधरा दिवस झोपली नाही, हा भाग वेगळा.

भाची आमच्याकडे राहते आणि शाळा-कचेऱ्यांच्या फर्निचरची मापे ठरवून देणाऱ्या एका संस्थेत संख्याशास्त्राचे काम पाहते. नोकरी कच्ची होती. एका शाळेच्या नव्या बाकांचे काम तिच्या एकटीवर सोपवले होते. ते धड पार पडले तर महिनाअखेरीस कायम, न पडले तर घरी. काम म्हटले तर सोपे. पाचवीच्या मुलांचे गुडघे जमिनीपासून किती उंच ते मोजायचे, संगणकाने सरासरी काढायची, आणि सुताराने तेवढ्या उंचीचा एक नमुन्याचा बाक करून शाळेत पाठवायचा. तो पसंत पडला की उरलेले.

"मामा, साहेब म्हणतात अहवाल तारेसारखा तुटक वाटतो. जरा माणसांत आण त्याला."

मी पाहिले. संगणक एवढेच छापत होता: 'उंची ३८.६'. कर्ता नाही, क्रियापद नाही, कोणाची उंची याचा पत्ता नाही. इतका उघडावाघडा आकडा चारचौघांत पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही.

"हे लिहिलं कोणी?"

"आधीच्या माणसानं. तो सोडून गेला. छापायची वाक्यं वेगळ्या फाईलमध्ये आहेत, तिथं काय ते कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

"भाषेखेरीज मी कशालाही हात लावत नाही."

"खरं आहे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "गळका नळ साक्षीला आहे."

दोन दिवस खपून मी वाक्य सिद्ध केले: 'विद्यालयातील ६४ विद्यार्थ्यांची मापे घेण्यात आली असता, त्यांच्या गुडघ्यांची जमिनीपासूनची सरासरी उंची ३८.६ सेंटीमीटर इतकी आढळून आली.' भाचीने बटण दाबले. अहवाल साहेबांकडे, शाळेकडे आणि सुताराकडे गेला. मागणीपत्रही त्याच दमात सुताराकडे गेले. ते संगणकच भरत असे. साहेबांनी कळवले, "आता अहवाल कसा भरलेला वाटतो."

दुसऱ्या दिवशी भाची अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. मी उचलला. सुतार होता.

"बाक कोणासाठी आहे म्हणालात?"

"पाचवीच्या मुलांसाठी."

"चौसष्ट सेंटीमीटर उंच? सोबत शिडी पण करू का?"

चौसष्ट हा आकडा मला ओळखीचा वाटला, आणि ओळखीच्या आकड्यावर मी विश्वास टाकला. "हे पाहा," मी म्हणालो, "हा कोणाच्या डोळ्यांचा अंदाज नव्हे, संख्याशास्त्राने काढलेला आकडा आहे. आपण करवत चालवावी, शंका चालवू नये."

"बरं. माझं काय, चालवतो."

बाक शाळेत पोचला त्या दिवशी मी भाचीसोबत मुद्दाम गेलो. मुख्याध्यापिका बाई स्वतः बाकावर चढल्या. दोन्ही पाय अधांतरी ठेवून त्यांनी वर्गावर नजर फिरवली.

"कपाटावरची धूळ दिसते इथून," त्या म्हणाल्या. "तुम्ही मापं नीट घेतली होती ना?"

भाचीचा चेहरा पांढरा पडला. तिने चौसष्टच्या चौसष्ट मुलांचे गुडघे बाईंसमोर पुन्हा मोजले. सरासरी पुन्हा तीच, अडतीस पूर्णांक सहा. साहेबांनी फक्त, महिना संपायला तेरा दिवस आहेत, असा निरोप धाडला.

"सुताराला टेप वाचता येत नाही," रात्री जेवताना ती म्हणाली. "माझी नोकरी घालवणार तो."

फोनचे तिला सांगायला हवे होते. पण सांगितले असते तर त्या प्रकरणात माझे नाव आले असते. त्यापेक्षा अहवालच असा भक्कम करावा की सुताराला पळवाट राहू नये, असे मी ठरवले. मापे ताजी आहेत हे ठसावे म्हणून वाक्याच्या आरंभी काही शब्द वाढवले: 'दिनांक १७ रोजी घेतलेल्या फेरमोजणीनुसार'. भाचीने पुन्हा बटण दाबले.

या खेपेस सुतार स्वतः बाक काखेत मारून आला. बाक काखेत मावला, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. बाई बसल्या. बसतच गेल्या. अखेर गुडघे हनुवटीशी आल्यावर त्या थांबल्या.

"हा बाक आहे की उंबरठा?"

"सतराचा मागितला, सतराचा दिला," सुतार म्हणाला.

"अहो, विचारायचं तरी," भाची रडकुंडीला आली.

"मागच्या खेपेला विचारलं होतं ना. तुमच्या फोनवर एक गृहस्थ होते. म्हणाले, करवत चालवा, शंका चालवू नका. तेव्हापासून बंद केली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. बाईंनीही पाहिले, खालून.

भाचीने पहिल्या, उंच बाकावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानेच तो उघडला. संगणक मागणीपत्र कसे भरतो ते तिने ओळीनओळ तपासले. मग बोलली ते अतिशय हळू.

"प्रोग्रॅममधलं आधीच्या माणसाचं ते फंक्शन सरासरी नुसती छापतं, मागणीपत्राला वेगळी काढून देत नाही. म्हणून मी छापलेल्या ओळीतून पहिला दिसेल तो आकडा उचलायला सांगितलं होतं. ओळीत आकडाच एक असायचा. तू आधी चौसष्ट मुलं पुढे आणलीस, मग सतरा तारीख. अजून थोडी सुधारणा केली असतीस मामा, तर सालच पुढे आलं असतं."

"वीस मीटरचा बाक," सुताराने मनात हिशोब केला. "लाकूड पुरलं नसतं."

"परंतु," मी म्हणालो, कारण माझी बाजू खरोखरच भक्कम होती, "अडतीस पूर्णांक सहा हे दोन्ही अहवालांत स्वच्छ छापलेलं आहे. अहवाल बाईंकडे होता, साहेबांकडे होता, यांच्याकडेही होता."

"मला वाटलं, साहेबांनी वाचला असेल," बाई म्हणाल्या. "मला कोणीतरी हात द्या."

"मी मागणीपत्र बघतो," सुतार म्हणाला.

भाचीने तिथेच वीस मिनिटांत फंक्शन बदलले. आता ते सरासरी आधी थेट मागणीपत्राच्या हाती देते आणि छापण्याचे काम नंतर, सवडीने करते. झाली ती चूक तिने साहेबांना तीन ओळींत लिहून कळवली. त्या मला दाखवल्या नाहीत. तिसऱ्या बाकावर बाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि बसल्या जागीच त्यांनी सही केली. महिनाअखेरीस भाची कायम झाली.

त्या संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखे विचारले, "आणि माझी वाक्यं? काढून टाकलीस?"

"छे, आहेत की. आता तू हवं ते लिही मामा. तारीख घाल, साल घाल, काही बिघडणार नाही."

"ते कसं?"

"आता ती कोणीच वाचत नाही."

मी यावर बराच विचार केला. माझे वाक्य वाचून त्याबरहुकूम निमूट कामाला लागणारा एकच वाचक मला उभ्या आयुष्यात लाभला होता. आणि तोसुद्धा पहिल्या आकड्यापाशी थांबत असे.