नातीसाठी जाड वरख

उद्या सकाळी अकराला युसराच्या तुकड्याने उजेड द्यायचा होता आणि आज दुपारी विद्यापीठातलं सोन्याचा मुलामा चढवणारं यंत्र बंद पडलं. दुरुस्त करणारा फोनवर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला, तेही अशा सुरात की कोणता आठवडा हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

तुकडा सिलिकॉनचा, नखाएवढा. त्याला डोळ्यांना न दिसणारी इतकी भोकं पाडलेली की वीज सोडली की तो नारिंगी उजळायचा. पण वीज सोडायला वरून धातूचा पापुद्रा लागतो, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. पापुद्रा जाड झाला तर उजेड आतच कोंडतो, फार पातळ झाला तर वीज पसरत नाही. युसराची पाच वर्षांची पीएचडी या पापुद्र्यावर उभी होती. परीक्षक इंद्रजीत सरांनी आधीच कळवलं होतं, आलेख नकोत, उजेड दाखवा.

संध्याकाळी ती गुलमंडी बाजारामागच्या गल्लीत गेली. तिथं तिचे नाना, आईचे वडील कमरोद्दीन, मिठाईवर लावायचा चांदीचा वरख कुटतात.

"नाना, एक पान द्या. लई पातळ पायजे."

"कुणाची मिठाई हाय?"

"मिठाई नाय. उद्या परीक्षा हाय माझी."

नानांचा हातोडा थांबला. "व्हय? मग बस."

नानांच्या धंद्याचा एक रिवाज होता, तो युसराला ठाऊक नव्हता. गिऱ्हाइकाला पातळ पान, घरच्याला जाड. लेकीच्या लग्नातल्या मिठाईला त्यांनी पन्नास हातोडे कमी मारले होते. इथं तर नातीची परीक्षा. ती गेल्यावर ते नानीला म्हणाले, "पातळ पायजे म्हणं. जाड मागायला लाजली पोर." आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी अकराला अंधाऱ्या खोलीत युसराने वीज सोडली. काहीच झालं नाही.

"वीज आहे ना?" इंद्रजीत सरांनी विचारलं.

"आहे, सर."

"मग उजेड कुठं आहे?"

युसराने चाचपडत वीज नेणारी तारेची टोचणी दाबली, ती घसरली आणि वरख फाटला. त्या फाटीच्या कडेने केसाएवढी नारिंगी रेघ पेटली. सरांचं नाक तुकड्याला टेकायचंच बाकी राहिलं.

"पापुद्रा जाड ठेवायचा आणि चिरेतून उजेड काढायचा. कुणाला सुचलं हे?"

अंधारात तोंड दिसत नाही, त्यामुळे खोटं बोलणं सोपं जातं. "मला, सर."

"उत्तम. शुक्रवारी अकराला असेच पाच दाखवा. एकदा काय, चुकूनही जमतं."

टोचणीने चीर पाडायला जावं तर खालचं सिलिकॉन खरवडत होतं. बोटाने पाडावी तर वरख बोटालाच चिकटत होता. पान फाटलेलंच यायला हवं होतं.

"फाटकं?" नाना म्हणाले. "पन्नास वर्षांत इथून फाटकं पान गेलं नाय, बेटा. माझ्या हातून फाटत बी नाय." त्यांनी दोन दिवस मनापासून प्रयत्न केला आणि दोन दिवस अख्खीच पानं निघाली.

अखेर शुक्रवारी सकाळी त्यांनी रिझवानमामूला बोलावलं. हा त्यांचा मुलगा, वय पंचेचाळीस, मोबाईलची कव्हरं विकायचा. हात लावील ते पान फाडतो म्हणून वीस वर्षांपूर्वी नानांनी त्याला दुकानातून उठवलं होतं, आणि तेव्हापासून बापलेक ईदेपुरतं बोलायचे.

"अब्बा, खरंच फाडू?"

"तू करायचास तसंच कर. पोरीच्या परीक्षेचा सवाल हाय."

नाना समोर बसले, नजर लेकाच्या हातावर. रिझवानमामूला घाम फुटला. वीस वर्षं राहून गेलेलं काम होतं ते. एकेक हातोडा तो श्वास रोखून मारत होता. तासाभराने पानं घालून कुटायची चामडी वही उघडली.

पाचही पानं अख्खी होती. कुठं चीर नाही, भोक नाही. नाना एकेक पान खिडकीकडे धरून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"अजून पाच करू, अब्बा?"

"कर," नाना म्हणाले.

दारात उभ्या युसराने घड्याळ पाहिलं. अकराला वीस मिनिटं कमी होती.