पॅस्कोबाईंचा डबा

कोणतीही वस्तू उपयोगाची असेपर्यंत कलेच्या कामाची नसते, हे तत्त्व आता सर्व सुसंस्कृत समाजांनी मान्य केलेलं आहे. कामाच्या वस्तूकडे कुणी पाहत बसत नाही, आणि पाहत बसण्याजोग्या वस्तूत कुणी कोंबड्यांसाठी खरकटं साठवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वरानूक गावच्या मर्ल पॅस्को या शहात्तर वर्षांच्या बाईंना हे तत्त्व ठाऊक नव्हतं. त्यापायी त्यांचा डबा गेला.

डबा प्लॅस्टिकचा, चार लिटरचा, मुळात व्हॅनिला आइस्क्रीमचा. वरानूकमध्ये असा डबा फेकून देणं गुन्हा नाही, पण कुणी फेकल्याची नोंदही नाही. गावातल्या दोनशे अकरा घरांत मिळून अंदाजे एकोणीसशे डबे असावेत (पैकी आइस्क्रीम तिनांत). उरलेल्यांत कपड्यांचे चिमटे, खरकटं, कशालाच न बसणारे स्क्रू, आणि दर घरचा एक मोटारीत पायाशी, पोरांना मळमळलं तर असावा म्हणून. हेच डबे धुऊन (धुतात, असं सगळे सांगतात) गावच्या हॉलमधल्या जेवणाला त्यांतून लॅमिंग्टन केक न्यायचे.

हॉलमध्ये डब्यांची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येकावर चिकटपट्टी लावून आडनाव घालायची रीत आहे. मर्लबाईंच्या डब्यावर त्यांच्या नवऱ्याने, क्लेमने, जाड पेनाने लिहिलं होतं: 'पॅस्को. परत करा.' इतर लोक नुसतं आडनाव लिहीत, पण क्लेमचा माणुसकीवर बेताचाच विश्वास होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली. आयुष्यभरात त्याने जे काही लिहिलं ते बहुतेक तक्रारींच्या रूपाने नगरपालिकेकडे आहे. घरात त्याच्या हातचं अक्षर एवढंच उरलं होतं. डबा घासताना मर्लबाई त्या बाजूला घासणी लावत नसत.

त्यांची लेक टॅम्सिन मेलबर्नला चिनीमातीच्या घरगुती वस्तू घडवते. रोजच्या वापरातल्या वस्तूंना त्यांचा हरवलेला सन्मान मिळवून द्यायचा, असं तिचं ध्येय आहे. आजवर तिने चेपलेला दुधाचा खोका (फुलदाणी), रबरी हातमोजा (हीसुद्धा फुलदाणी, पाच बोटांत पाच फुलं) आणि भांडी घासायची घासणी (साबणदाणी, जिच्याजवळ साबण नेऊ नये) यांना सन्मान दिलेला आहे. मूळ वस्तूवरून प्लॅस्टरचा साचा काढायचा, त्यात पातळ माती ओतायची, वाळली की बाराशे साठ अंशांवर भाजायची. ओरखडे मात्र एकेक करून हाताने काढायचे, कारण यंत्राच्या ओरखड्यांत आपुलकी उतरत नाही.

"दोन दिवसांत आणून देते गं आई," म्हणून टॅम्सिनने डबा नेला. नऊ आठवड्यांनी आमंत्रण आलं. प्रदर्शनाचं नाव होतं: 'परत करा'.

कलादालनात चाळीस डबे ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर चिनीमातीची चिकटपट्टी, तिची एक कड किंचित सुटलेली, आणि क्लेमचं अक्षर. मधोमध काचेच्या पेटीत मूळ डबा होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की 'परत करा' ही मर्त्य मानवाने काळाला केलेली याचना आहे. ते वाचून एक गृहस्थ डोळे पुसत होते.

"छान झालंय," मर्लबाई म्हणाल्या. "आता माझा डबा दे. शुक्रवारी अग्निशमन दलाचं जेवण आहे."

"आई, हळू बोल. अगं, दालनाने तो कायमच्या संग्रहात घेतलाय. असा मान कुणाला मिळतो?"

"मला मान नकोय. मला डबा पाहिजे."

"बाबांचं अक्षर आता हजार वर्षं टिकेल!"

"हजार वर्षं मी काय करू त्याचं? तो लिहीत होता तेव्हा मी तिथे बसले होते, टॅम. पट्टी कापून मी दिली होती."

टॅम्सिनचे डोळे भरून आले आणि ती दालनाच्या व्यवस्थापकांना बोलावायला गेली. ऑब्री हे व्यवस्थापक फार सभ्य होते.

"पॅस्कोबाई, मालकीचा काही पुरावा?"

"त्यावर नाव आहे की माझं!"

"नाव तर चाळीसही डब्यांवर आहे," ऑब्री मायेने म्हणाले. "नावाला पुरावा मानलं, तर सगळेच तुम्हाला द्यावे लागतील."

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. मर्लबाई रिकाम्या हाताने घरी आल्या. शुक्रवारचे लॅमिंग्टन त्यांनी पातेल्यातून नेले, आणि त्याबद्दल गावात कुणी काही बोललं नाही, हे त्यांना फार लागलं.

चाळीसही डबे विकले गेले. आणि मग एक प्रशासकीय घोटाळा झाला. डबे ज्यांनी घेतले त्यांच्या घरी कामाला, रंगकामाला, कुत्री फिरवायला माणसं येत. त्यांतली काही वरानूकच्या बाजूची होती. त्यांनी कपाटावर डबा पाहिला, मजकूर वाचला आणि त्याचा अर्थ जसा होतो तसाच लावला. पहिला डबा लॉर्ना शेजारीण घेऊन आली.

"अगं मर्ल, माझ्या भाचीला हा मेलबर्नला एका घरात सापडला. त्या लोकांनी खुशाल मांडून ठेवला होता बघ, लाज नाही वाटत! जड का झालाय एवढा?"

वर्षभरात असे सतरा डबे मर्लबाईंच्या ओसरीवर आले. (पोलिसांत तक्रारी अकरा. तपासाला आलेला हवालदार वरानूकचाच असल्याने तो अठरावा डबा घेऊन आला.) एकात आता चिमटे असतात, दोहोंत खरकटं. कोंबड्यांची काही तक्रार नाही. दर वेळी कुणी हाक मारली, की मर्लबाई हात पुसत बाहेर येतात, डबा उचलून बघतात, आणि वजनावरूनच त्यांना कळतं की हा तो नव्हे. मग त्या "थँक्यू हं" म्हणून चहा टाकतात.

मूळ डबा अजून काचेतच आहे. गेल्या वर्षी बावीस हजार सातशे माणसांनी 'परत करा' हे शब्द वाचले. अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी 'हेलावून गेलो' असं लिहिलं आहे. परत करावा, असं एकानेही सुचवलेलं नाही.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं, तुम्ही संवेदनशील आहात. आता जरा उठून तुमच्या ओट्यावरच्या फळीकडे बघा. मागच्या बाजूला स्टीलचा एक डबा आहे, दिवाळीला चकल्या घालून आलेला. त्याच्यावर कोरलेलं नाव तुमचं नाही.