युवा धावपटू मूल्यमापन समिती, अवधपुरी

अवधपुरीच्या मनोहर देवपुजारींना त्यांच्या मुलाने अमेरिकन फुटबॉलचा एक संघ देऊ केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की याचा चार्ज कोणाकडून घ्यायचा.

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कारखान्याच्या आस्थापना विभागात त्यांची उभी नोकरी गेली होती. कोणाला बढती द्यायची आणि कोणाला का द्यायची नाही, हे शेकडो लोकांच्या बाबतीत त्यांनी व्यवस्थित मांडून दिलं होतं. ठरवलं मात्र एकाचंही नव्हतं. ठरवायला समिती असे.

हा संघ तसा खोटाच होता. खेळाडू खरे, मैदान खरं, मालकी तेवढी मोबाइलमधली. आपण खेळाडू निवडायचे, ते तिकडे जितके पळतील तितके गुण इकडे आपल्याला. अनिकेत आणि त्याचे मित्र अमेरिकेत अशी एक लीग चालवत. त्यात बाबांना घेण्याचं कारण खेळ नव्हतं. बायको प्रमिला वारल्यापासून बापलेकाचा दर सोमवारी सकाळचा फोन लवकर आटपायला लागला होता. पूर्वी फोन तिच्याच हातात असायचा. मनोहरराव मागून डोकावून तिकडची थंडी विचारायचे आणि पेपरकडे वळायचे. आता अनिकेत विचारी, चहा झाला का. हे सांगत, झाला. मग दोघं एकमेकांचे चेहरे बघत बसत, आणि शेवटी नेट गेल्याचं निमित्त कोणीतरी पुढे करी.

संघ आल्यावर बोलायला विषय आला. फक्त लीगचा एक नियम होता. हंगामाच्या शेवटी जो तळाला राहील, त्याला बाहेर काढायचं. बाहेर म्हणजे पुन्हा चहा झाला का, झाला. मनोहररावांना तळाला राहायचं नव्हतं.

"बाकीचे खेळाडू ॲप निवडून देईल, बाबा," अनिकेत म्हणाला. "तुम्ही फक्त रनिंग बॅक बघा. चेंडू काखेत मारून समोरच्या पहाडासारख्या माणसांतून पळत सुटतो तो. तरुण बघा. सगळं त्यांच्यावर आहे."

सगळं त्यांच्यावर आहे म्हटल्यावर एकट्याने निवडणं शक्यच नव्हतं. मनोहरराव त्यांचे जुने साहेब दिगंबर ठोसर यांच्याकडे गेले. ठोसर चार घरं सोडून राहत आणि निवृत्तीनंतरही सही करायचं पेन खिशाला लावत. त्यांनी दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या सत्यजित बोबडेंना बोलावून घेतलं. बोबडे मूळ नागपूरचे, आणि माणूस दिसला की आधी संशय घ्यायचा, ही सवय त्यांनी पेन्शनबरोबर टिकवली होती. ठोसरांच्या व्हरांड्यात पोहे-जिलेबीवर समिती स्थापन झाली.

पहिली अडचण वयाची निघाली. बहुतेक मुलं विशी-बाविशीची होती. ठोसर म्हणाले, यांचा परिवीक्षा काळ संपलेला नाही, हे पळूच कसे शकतात. मनोहररावांनी नम्रपणे सांगितलं की तिकडे पहिल्या दिवसापासून पळायला लावतात. ठोसरांनी मान हलवली. तिकडे शिस्त उरलेली नाही, हे ते पूर्वीपासून म्हणतच होते.

मग टायरेल नावाच्या एका मुलाचा विषय आला. मनोहररावांनी मोबाइलवर त्याची चित्रफीत लावली. पोरगा अर्धं मैदान एकटा कापून गेला, अंगावर आलेल्या दोघांना झटकून. बघता बघता मनोहररावांच्या तोंडून "वा" निघालं आणि त्यांनी ते पोह्यांबद्दल असल्याचं भासवलं.

ठोसरांनी चित्रफीत दुसऱ्यांदा लावली. "सहकारी सगळे मागे, आणि हा एकटा पुढे. वरिष्ठ खेळाडूंना ओलांडून गेलाय हा. कोणाची परवानगी घेतली?"

"हे तर काहीच नाही, भाऊ," बोबडे म्हणाले. "मागच्या वर्षी याच्या हातून चेंडू दोनदा निसटला. चेंडू कोणाचा? संघाचा. म्हणजे मालमत्तेचं नुकसान. आमच्याकडे असता तर सस्पेंड होऊन घरी बसला असता."

टायरेल अपात्र ठरला. त्यानंतर ब्रॅडली नावाच्या एका गृहस्थांचं प्रकरण समोर आलं. ते मागचा संपूर्ण हंगाम राखीव बाकावर बसून होते. एकदाही पडले नाहीत, चेंडू हातून निसटला नाही, पंचाने कधी बोट दाखवलं नाही. फोटोत कपडे नुकतेच इस्त्री केल्यासारखे. ठोसरांचा चेहरा उजळला. इतकं स्वच्छ रेकॉर्ड त्यांनी नोकरीत फक्त एकदाच पाहिलं होतं, आणि तो माणूस जनरल मॅनेजर होऊन निवृत्त झाला.

"पण साहेब, ते पळालेले नाहीत," मनोहरराव म्हणाले.

"पळाले नाहीत म्हणून तर पडले नाहीत," ठोसर म्हणाले.

ब्रॅडलींची निवड एकमताने झाली. त्यांच्या जोडीला आणखी असेच दोघे निवडले. दोघेही गुडघ्याच्या दुखण्याने रजेवर होते. रजा रीतसर मंजूर होती, डॉक्टरचा दाखला होता, बोट ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या सोमवारी तिघांचे मिळून गुण शून्य आले. दुसऱ्या सोमवारीही. समितीने याची गंभीर दखल घेतली आणि शून्य हा प्रतिकूल शेरा होत नाही, असा निष्कर्ष काढला. बोबडेंनी शोधून काढलं की या खेळात उणे गुणही मिळू शकतात. त्या मानाने आपली माणसं सांभाळून काम करताहेत. हंगामाच्या मध्यावर ब्रॅडलींनी खेळातून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांना मुदतवाढ मिळावी म्हणून कोणाला लिहायचं, यावर ठोसरांनी एक सबंध बैठक घेतली.

हे सगळं मनोहरराव सोमवारी अनिकेतला सांगत. अनिकेत इतका हसे की त्याची बायको मधुरा स्वयंपाकघरातून बघायला येई. मग तो मित्रांना सांगे आणि मित्र पुढच्या बैठकीची वाट बघत. फोन लांबत चालले होते. संघ बुडत चालला होता.

शेवटच्या आठवड्यात परिस्थिती अशी झाली की मनोहरराव तळाला, आणि अनिकेतचा मित्र सौरभ त्यांच्यापेक्षा जरासा वर. शनिवारी अनिकेतचा अवेळी फोन आला. "बाबा, सौरभने टायरेलला चुकून संघातून काढलंय. तो आत्ता मोकळा आहे. फक्त बटण दाबा, तुम्ही वाचलात."

मनोहरराव तडक ठोसरांकडे गेले. घराला कुलूप. ठोसर साडूकडे इटारसीला होते. फोनवर म्हणाले, फोनवर बैठक भरल्याचं धरता येत नाही. बोबडे नागपुरात एका लग्नाच्या पंगतीत होते. जरा विचार करून म्हणाले, "माझी हरकत नाही. पण माझी संमती आहे, असंही कोणाला सांगू नका."

मनोहरराव अंगठा बटणावर धरून बसले. प्रमिला असती तर तिने आधी बटण दाबलं असतं आणि मग विचारलं असतं की हे कशाचं होतं. घर तिनेच असं घेतलं होतं, आणि अनिकेतला तिकडे पाठवायचंही तिनेच असं ठरवलं होतं. मनोहररावांनी दोन्ही वेळा फक्त सह्या केल्या होत्या. अंगठा दुखायला लागला तेव्हा त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावला.

त्या आठवड्याच्या सामन्यात टायरेल असा पळाला की तिकडचे समालोचक उभे राहिले. मनोहरराव तळालाच राहिले.

सोमवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले, सेवामुक्तीचा आदेश घ्यायला बसावं तसे.

"नियम तो नियम, बाबा. तुमचा संघ गेला," अनिकेत म्हणाला. "पण लीगला एक कमिशनर लागतो. सगळ्यांच्या तक्रारी ऐकणारा, वाद मिटवणारा. आमच्यात प्रत्येकाचं प्रत्येकाशी भांडण झालंय, कोणाच्याच नावावर जमत नव्हतं. तुमच्या नावावर एकमत झालं."

"माझ्या? का रे?"

"तुमच्याविरुद्ध कोणाची तक्रारच नाही. हंगामभर तुम्ही काही केलंच नाहीत ना."

ठोसरांनी बातमी ऐकली तेव्हा ते थोडे दुखावले. मधली सगळी पदं वगळून थेट कमिशनर, असं त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. तरी संध्याकाळी हार घेऊन आले.

आता दर सोमवारी मनोहररावांकडे अमेरिकेतून तक्रारींची रांग लागते. ते प्रत्येकाचं ऐकून घेतात आणि प्रकरण विचाराधीन ठेवतात. सगळे समाधानी आहेत. परवा तर चहा झाला का हे विचारायचं अनिकेतच्या लक्षातच राहिलं नाही. चहा खरंच व्हायचा होता.

वाचकांनी हसायला हरकत नाही. मात्र त्याआधी आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांची निवड आठवावी. तीही एकमताने झाली होती. आपण हात वर केला होता, त्यांचं काम आवडलं म्हणून नव्हे, कोणी आपलं नाव सुचवू नये म्हणून. आणि आपण बसलो होतो मागच्या बाकावर, इस्त्रीच्या कपड्यांत.