साहेब गॅदर, आपण सिंग

आवक-जावक विभागातल्या त्या कारकुनाला कचेरीत सगळे ‘डिक्शनरी’ म्हणत. तो ते कौतुक समजे, आणि त्याचा गैरसमज दूर करायची तसदी एकोणीस वर्षांत कोणी घेतली नव्हती. सोमवारी नव्या साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि म्हणाले, “आय गॅदर यू सिंग.” एवढ्यात फोन खणाणला. साहेबांनी हातानेच ‘नंतर बघू’ अशी खूण केली. डिक्शनरी बाहेर आला तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता, कारण शनिवारी हेडक्लार्क निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होणार होती.

घरी येऊन त्याने चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, “साहेब म्हणाले, आय गॅदर, यू सिंग! म्हणजे शनिवारी हेडक्लार्कच्या निरोपाला माणसं मी गोळा करतो, तुम्ही गा!”

बायको शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “गॅदर म्हणजे चुण्या. फ्रॉकला घालतात त्या.”

“अगं, ते तुझ्या धंद्यातलं गॅदर!”

“गॅदरिंग असेल, आमच्या शाळेत असतं तसं,” मुलगी म्हणाली. “बाबा, तुम्ही नाचणारपण?”

“गॅदर हा शब्द साहेबांच्या तोंडून आला ना?” बायकोने विचारलं. “मग नव्या शर्टाला चुण्या घालतेच. उगाच खुर्ची हुकायला नको.”

आठवडाभर पहाटे पाचपासून रियाझ चालला. (वरच्या मजल्यावरचे मास्तर एकदा खाली येऊन, घरात कोणाला बरं नाही का, असं हळूच विचारून गेले.)

शनिवारी चारला, फुगीर चुणीदार बाह्यांचा शर्ट घालून डिक्शनरी कचेरीच्या हॉलमध्ये पोचला. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. विसरले बिचारे साहेब! वरिष्ठांची चूक पदरात घ्यायची, यालाच तर नोकरी म्हणतात. त्याने ‘साहेबांचा हुकूम’ म्हणून दोन विभागांतली बत्तीस माणसं टेबलांवरून उठवून आणली, नुकतीच रिकामी झालेली हेडक्लार्कची खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्यावर उभं राहून वरचा सा लावला.

साहेबांचं दार उघडलं. “व्हॉट इज धिस?”

“सर, यू गॅदर, आय सिंग! आपण कामात होता, म्हणून गॅदरपण मीच केलं.”

साहेब पहिल्यांदाच स्वच्छ मराठीत बोलले. “अहो, ‘आय गॅदर’ म्हणजे माझ्या कानावर आलंय! कामाच्या वेळात तुम्ही गाता, अशी तक्रार आली होती.”

“कोणाची, सर?”

साहेबांनी बत्तीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली. “सोमवारी एकाची होती.”

डिक्शनरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्याकडे इतकी वर्षं डोळे लावून बसला होता, तिच्यावरून त्याला दोघांनी हात धरून खाली उतरवलं.

“खुर्ची मिळाली?” घरात शिरल्या शिरल्या बायकोने विचारलं.

“मिळाली,” तो पडेल आवाजात म्हणाला. “तळघरातल्या रेकॉर्ड रूममधली. तिथे दिवसभर माणूस फिरकत नाही.”

“म्हणजे तिथे गायलात तर कोणाची हरकत नाही?”

“कोणाची असणार?”

आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. “मग एक करा,” ती म्हणाली, “सगळं तिथेच गाऊन येत जा.”