साडेसतरा बोटांची फत्ते

मच्छीमार संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा हुकूम जाहला की, संस्थेने दर्यातळी स्वहस्ते जे नवे खडक वसविले, त्यावरील पहिल्या मोहिमेचे वर्तमान कागदावर यावे आणि पुढील पिढीस दाखला राहावा. त्यावरून जे डोळां पाहिले आणि जे धक्क्यावर ऐकिले, ते पदरचे मीठ न घालता लिहिले आहे. थोडे पडलेच असेल तर ते रुचीपुरते.

मूळ हकिगत ऐशी. किनाऱ्याजवळचा मासा आटला, तेव्हां संस्थेचे अध्यक्ष, दर्याबहाद्दर अण्णासाहेब, ज्यांची मसनद म्हणजे एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची, त्यांनी मसलत केली की, माशास राहावयास घर नाही, सबब घर बांधावे. मग बायकांनी सिमेंट कालविले आणि पुरुषांनी साचे धरून एकमेकांस अक्कल शिकविली, आणि शाळेमागील आवारात काँक्रीटची भोकाभोकांची दोनशे कडी ओतिली, आणि होड्यांवर लादून दर्यात सोडिली. त्या गर्दीत अण्णांची कंबर धरली ती आजतागायत सुटली नाही. मग फर्मान निघाले की, दोन वर्षे त्या मुलखात कोणी मासेमारी करू नये, पुढेही जाळे न टाकता गळानेच धरावे, आणि अठरा बोटांहून आखूड मासा जिवंत परत सोडावा. बोटे कोणाची, ऐसा सवाल उठला. पाच-सहा हात पुढे आले, परंतु अण्णांनी आपला पंजा टेबलावर थापटून फर्माविले की, माप अध्यक्षांचेच. दोर ओढून ओढून त्यांचे एकेक बोट केळ्याएवढे जाहले होते. संस्थेच्या चिटणीस थोरल्या वहिनी, त्यांनी त्या बोटांनी मोजून फळीवर रेघ ओढिली.

वहिनींनी अर्ज केला की, जागेवर खुणेचे पिंप तरंगत ठेवावे, निदान फोनात नोंद करावी. अण्णांनी दोन्ही नामंजूर केले. पिंप म्हणजे चोरास आमंत्रण आणि फोन तर जातीचा चहाडखोर. ज्या दिवशी कडी सोडिली त्या दिवशी त्यांनी वडिलांच्या रीतीने किनाऱ्याकडे पाहून खूण धरिली. पाण्याच्या टाकीखाली पिवळे घर आले की एक रेघ, आणि धक्क्याच्या खांबामागे शाळेचे छप्पर आले की दुसरी. दोन्ही जुळतील तेथे खाली खडक. ही खूण त्यांनी बायकोसही सांगितली नाही.

या राज्यास शत्रू एकच, आणि तो घरचा. अण्णांचे थोरले चुलत बंधू, थोरल्या वहिनींचे यजमान, किनाऱ्यावरील सर्वांत लांब जाळ्याचे धनी, सबब जाळेवाले दादा. त्यांचे म्हणणे की, खाली नुसते काँक्रीट आहे, मासा औषधालाही नाही, आणि दोन वर्षे अण्णाने साऱ्यांस उल्लू बनविले. अखेर सभेत तह जाहला. मुदत सरताच चार होड्या जाव्या, दादांनी साक्षीस यावे, आणि दुपारपर्यंत मासा आहे ऐसे त्यांनी स्वमुखे कबूल न केल्यास बंदी उठून जाळी मोकळी व्हावी. जाळे एकदा फिरले की कडी कलंडणार आणि आतली पिल्ले खरवडून निघणार, हे अण्णा पुरते जाणत होते. तरी मुद्रा अध्यक्षांचीच ठेविली.

सकाळी आरमाराने कूच केले. अण्णांनी टाकी पाहिली, छप्पर पाहिले, आणि पिवळे घर पाहू लागले, तो पिवळे घर कोठेच नाही. मग होडी डावीकडे घेतली, मग उजवीकडे घेतली, आणि दोन तास चारही होड्या घाण्यास जुंपल्याप्रमाणे फिरत राहिल्या. शेवटी अण्णांचा धीर सुटला आणि ते आपल्याच होडीत फळी घेऊन बसलेल्या वहिनींस हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचं घर कुठं गेलं?"

"कुठं जाईल? आहे तिथंच आहे. गेल्या महिन्यात निळा रंग दिला."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"घर माझं, रंग माझा," वहिनी सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात वदल्या. "तुम्हाला कशाला विचारू, भावजी?"

येणेप्रमाणे दोन वर्षे प्राणापलीकडे जपिलेली मसलत एका क्षणात चारही होड्यांवर फुटली. अण्णांस फितुरीचा संशय आला, परंतु दादाही आपल्याच घराकडे आ वासून पाहत होते. मग निळे घर टाकीखाली आणिले आणि गळ सोडिले.

तास गेला, काही लागले नाही. दुपार जवळ आली, तेव्हां अण्णांचा दोर ताठ जाहला आणि खडकात दडणारा एक हेकरू, अंगावर ठिपके, तोंड हे एवढे, होडीत येऊन आदळला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी दादांस हाक मारिली. परंतु दादा जवळच्या होडीत पाठ करून बसले आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही बाबा. ऊन फार आहे."

अण्णांनी मनसुबा केला की, मासा धक्क्यावर नेऊन दादांच्या नाकासमोर धरावा. इतक्यात वहिनींनी फळी पुढे केली. मासा भरला साडेसतरा बोटे. कोणी सुचविले, शेपूट किंचित ताणावी, आणि अण्णांनी आशेने वहिनींकडे पाहिले.

"शेपूट ओढून मासा मोठा होत नाही, भावजी."

"वहिनी, तुमच्या बोटांनी मोजला तर वीस भरेल."

"भरेल की. पण माप अध्यक्षांचंच, हे कोण म्हणालं होतं?"

अण्णांनी आपल्या बोटांकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच ती त्यांस जाड वाटली. हा मासा सोडावा तर पुरावा गेला, बंदी गेली, कडी गेली; ठेवावा तर कायदा त्यांच्याच हातून मोडला. त्यांस फार वाईट वाटले. मग त्यांनी मासा दोन्ही हातांत धरून पाण्याशी नेला आणि सोडिला.

ते डुबकन् ऐकताच जाळेवाले दादा, ज्यांच्या चाळीस वर्षांत हाती आलेला मासा कोणी परत टाकिला नव्हता, ते भान हरपून उभे राहिले.

"अरे अण्णा, वेडा झालास काय! एवढा मोठा मासा सोडलास?"

चारही होड्यांवरील माना दादांकडे वळल्या. दादांच्या ध्यानात आले, परंतु शब्द गेला तो गेला. वहिनींनी वही काढिली आणि यजमानांचे वाक्य जसेच्या तसे उतरविले, होडी त्यांच्या होडीस लाविली आणि वही पुढे केली. "घ्या, सही करा."

दादांनी सही केली.

सबब कलम नोंदविले जाते की, या मोहिमेत होड्या चार, गळ बारा, दिसलेला मासा एक, आणलेला मासा एकही नाही. बंदी कायम, कडी सलामत, संस्थेची फत्ते जाहली. धक्क्यावर अण्णांच्या पत्नींनी रिकामी टोपली पाहून विचारिले की, दोन वर्षे थांबून आणले काय? अण्णांनी हसत हसत पंजा पसरून दाखविला आणि सांगितले की, अर्ध्या बोटाने राहिला. या बोलण्याची सत्यता वहिनींच्या फळीवरून तपासून घ्यावी.